पाणी अंग चोरतं

आप्पांच्या उशाशी तांब्याचा तांब्या असायचा आणि तांब्याखाली लोहचुंबक. काळी, जड, मधोमध भोक असलेली चकती. गल्लीतल्या गणेश मंडळाचा जुना स्पीकर फाटला तेव्हा आप्पांनी तो मागून घेतला. ते बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात टर्नर होते. कुठलीही मोडकी वस्तू हातात आली की त्यातलं काय उपयोगाचं हे त्यांना लगेच कळायचं. स्पीकर खोलून चकती काढली, दोऱ्याला टांगून कुठली बाजू उत्तरेकडे वळते ते बघितलं, त्या बाजूला खडूने 'उ' लिहिलं, दुसरीकडे 'द'. त्या रात्रीपासून आमच्या वडगावच्या घरात पाणी चुंबकावर झोपायला लागलं.

चुंबक-चिकित्सेची पातळ पुस्तकं तेव्हा स्टँडवरच्या स्टॉलवर मिळायची. उत्तर ध्रुवाचं पाणी सुजेवर, दक्षिण ध्रुवाचं ताकदीवर, असं काहीबाही त्यांत असायचं. आप्पांचे गुडघे दुखायचे. तीस वर्षं लेथपुढे उभं राहिलेल्या माणसाचे दुखणारच. पहाटे पाचला उठून ते दोन ग्लास पाणी प्यायचे, मला अर्धा ग्लास द्यायचे. "पी ग, रात्रभर चुंबकावर होतं." मग येळ्ळूर रोडने फिरायला. मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तरी माहेरी आले की तो अर्धा ग्लास चुकला नाही. या पाण्यात नक्की काय बदलतं, असं मी त्यांना कधीच विचारलं नाही. विचारावंसं वाटायचं. पण ग्लास पुढे करतानाचा त्यांचा चेहरा बघितला की प्रश्न गिळून पाणी प्यायचे.

आप्पांना जाऊन तीन वर्षं झाली. चकती देवघराच्या फळीवर आहे. आई ती पुसते, पुन्हा ठेवते.

आमच्या घरी पाणी दोन प्रकारचं. परसात तीस फुटांची जुनी विहीर आणि तिच्यापासून दहा पावलांवर तीनशे फुटांची बोअर. विहिरीचं पाणी गोडं. त्यात तूरडाळ अशी शिजते की रवी फिरवायचीही गरज नाही. पण एप्रिल लागला की तळ दिसतो. नळ रोज येत नाही, म्हणून बोअर मारली, आणि पाणी निघालं जड. शेजारच्या अक्का बैलहोंगलकडच्या. त्यांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, "सवळु नीरु." म्हणजे मचूळ पाणी. शाळेत मी फळ्यावर 'दुष्फेन पाणी' लिहिते, त्याचा अर्थ आमच्या मोरीत रोज दिसतो. साबण फेसाऐवजी साय धरतो. बादलीच्या काठाला पांढरी रेघ. हरभरा रात्रभर भिजवूनही चिवट राहतो, शेवटी आई चिमूटभर खायचा सोडा टाकते. आणि बंब! गेल्या उन्हाळ्यात बंबाची तोटी बंदच पडली. उघडून बघितली तर आत पांढऱ्या दगडाची नळी तयार झालेली, मधे फक्त सुई जाईल एवढी वाट.

तो दगड हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. वरचा जांभा ओलांडून काळ्या कातळात शिरलं की त्या आंबटपणाने खडकातला चुना विरघळवून घेतं आणि बायकार्बोनेटच्या रूपात बरोबर वागवतं. आमच्या खालचा तो कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. बंबात जाळ लागला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. म्हणजे कातळातून विरघळून आलेलं आमच्या मोरीत पुन्हा दगड होतं. आपल्या जिल्ह्यात पाण्याच्या या दोन जाती सरळ दिसतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे पाऊस धो धो आणि पाणी इतकं हलकं की हाताचा साबण सुटत नाही. पूर्वेला रामदुर्गाकडे पाऊस कमी, जमिनीखाली कलादगीचे वालुकाश्म आणि चुनखडक, आणि तिथल्या बायका डाळीची कथा वेगळीच सांगतात. आईचं माहेर खानापूरचं. लग्न होऊन आल्यावर आपले केस राठ झाले, हे ती अजून म्हणते.

तर, तोटी बंद पडली त्याच आठवड्यात एक विक्रेता घरी आला. बोअरच्या पाइपला बाहेरून लावायचं चुंबकाचं यंत्र, किंमत चौदा हजार. पाणी हलकं होतं, चुना धरत नाही, प्यायलं तर सांधेदुखीही जाते, असं सगळं त्याने एका दमात सांगितलं. दादा ऐकत होता. विक्रेता गेल्यावर तो फळीवरच्या चकतीकडे बघून म्हणाला, "आप्पा असते तर आत्ता घेतलं असतं."

ते वाक्य मला लागलं. दादाचं काही चुकलं नव्हतं. मला लागलं ते एवढ्यासाठी की हे यंत्र खरं ठरावं असं मलाही आतून वाटत होतं. ते खरं ठरलं तर आप्पा खरे ठरणार होते. आणि ज्या मुलांना मी रोज 'स्वतः करून बघा' म्हणते, त्यांच्यापुढे उभं राहायचं तर मलाही करून बघायला हवं होतं. दादाकडून महिनाभराची मुदत घेतली. त्याचे पुढे तीन महिने झाले.

वाचायला घेतलं तेव्हा कळलं की ही कल्पना निव्वळ बाजारू नाही. 1945 साली बेल्जियममध्ये व्हर्मेरेन नावाच्या माणसाने अशा यंत्राचं पेटंट घेतलं होतं. सोव्हिएत रशियात पुढे बॉयलरांसाठी ही पद्धत बरीच वापरली गेली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधले कोई आणि कॅस यांनी 2000 साली एक शोधनिबंध लिहिला. चुना असलेलं पाणी चुंबकी क्षेत्रातून वाहत नेलं तर खाली बसणाऱ्या चुन्यात कॅल्साइटच्या मानाने अ‍ॅरागोनाइटचं प्रमाण वाढतं, आणि हा परिणाम दोनशे तासांहून जास्त टिकतो, असं त्यांना आढळलं. दोन्ही एकच रसायन, पण स्फटिकाची ठेवण निराळी. कॅल्साइट घट्ट चिकटतो, अ‍ॅरागोनाइटचे स्फटिक सुयांसारखे. म्हणजे चुना पाण्यातून जात नाही, फार तर त्याचं बसणं बदलतं. हे असं का व्हावं यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. वाचून माझा उत्साह एकदम वाढला. मी मनात आप्पांना म्हटलं, बघा, काहीतरी आहे.

पहिल्यांदा आप्पांची पद्धत घेतली. तोच तांब्या, तीच चकती, 'उ' वर. शेजारी दुसरा तांब्या नुसता. सकाळी साबणाच्या द्रावणाचे थेंब मोजले. बाटलीत शंभर मिली पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकून हलवायचं, फेस दोन मिनिटं टिकला की थांबायचं. माळ्यावर धरून ठेवलेल्या पावसाच्या पाण्याला चार थेंब लागले, विहिरीच्या पाण्याला अकरा, बोअरच्या पाण्याला अडतीस. रात्रभर चुंबकावर झोपलेल्या बोअरच्या पाण्याला? अडतीस. दुसऱ्या दिवशी सदतीस आणि अडतीस. तिसऱ्या दिवशी अडतीस आणि एकोणचाळीस, जास्तीचा एक थेंब चुंबकाच्या वाट्याला. मग शाळेच्या प्रयोगशाळेत ईडीटीएने, म्हणजे पाण्यातला चुना मोजायच्या रसायनाने मोजलं. पाणी आधी द्राक्षाच्या रसासारखं लालसर असतं आणि ब्युरेटमधून थेंब थेंब पडताना एका क्षणी निळं होतं. तो निळा दोन्ही चंचुपात्रांत एकाच आकड्याला आला, लिटरला 430 मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे 200 पर्यंत चांगलं आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं. म्हणजे आमचं पाणी चालवून घेण्यातलं, आणि चुंबकानंतरही तेवढंच चालवून घेण्यातलं. डाळही शिजवून बघितली. दोन सारखी पातेली, एकाच डब्यातली डाळ, एकाच शेगडीवर एकामागून एक. आईने दोन्हींतला दाणा बोटांत दाबला आणि काही न बोलता विहिरीचं पाणी आणायला गेली.

पण हे सगळं साठवलेल्या पाण्याचं झालं. शोधनिबंधात पाणी वाहतं होतं. म्हणून मी हार मानली नाही. भाच्याचा जुना कॉम्प्युटर बंद पडला होता, त्याच्या हार्ड डिस्कमधून निओडिमियमचे दोन चुंबक काढले. ते वेगळे करताना माझ्या अंगठ्याची कातडी त्यांच्यात सापडून फाटली, इतकी त्यांची ओढ. मेडिकलमधून सलाइनची नळी आणली. वर बोअरच्या पाण्याचा डबा, मधे दोन्ही चुंबकांच्या चिमटीतून जाणारी नळी, खाली स्टीलचं पातेलं. शेजारी तशीच दुसरी नळी, चुंबकाशिवाय. लिटरभर पाणी टिपकायला अख्खी रात्र. आई पाणी प्यायला उठली की मोरीच्या दारात थांबून विचारायची, "काय करूलीस ग रात्रीचं?"

सकाळी दोन्ही पातेली वीस मिनिटं उकळायची, पाणी ओतून द्यायचं, पातेली वाळवायची, आणि शहापुरात सोनारकाकांकडे न्यायची. त्यांचा काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवतो. पहिल्या दिवशी काका चष्म्यावरून बघून म्हणाले, "बाई, काय जोखूलायसा?" मी सांगितलं. ते हसले नाहीत. पातेलं हातात घेण्याआधी त्यांनी पंचाने बोटं पुसली, काट्याच्या काचेची दारं लावली, पंखा बंद केला. रोज तेवढ्याच निगुतीने, जणू कुणाचं मंगळसूत्र मोडायला आलंय. एकात 0.21 ग्रॅम चुना, दुसऱ्यात 0.22. कधी उलट, कधी सारखाच.

वजनात फरक नाही हे मी मान्य केलं. पण मऊपणा? पहिल्या सहा दिवसांत मी रोज दोन्ही पातेल्यांचा तळ नखाने खरवडून बघत होते, आणि सहापैकी पाच दिवस चुंबकाच्या पातेल्यातला चुना मऊ लागला. वहीत मी 'मऊ' लिहून पुढे उद्गारचिन्ह दिलंय. एका पानावर तर दोन दिलीत. त्या दिवसांत मी फार आनंदात होते. शाळेत जाताना बसमध्ये दादाला फोन करून सांगावं असं वाटायचं.

सांगितलं नाही, कारण सातव्या दिवशी ती उद्गारचिन्हं मलाच टोचली. चुंबकाचं पातेलं कुठलं हे मला माहीत होतं. नख माझंच होतं, आणि नखामागे मी होते, आप्पांची मुलगी. कुठल्या पातेल्यावर किती जोर लावायचा हे माझं बोट मला न विचारता ठरवत असणार.

वहिनीला गाठलं. तिला म्हटलं, उद्यापासून पातेली तू हाताळायची. तळाला बाहेरून टिकली लाव, एकाला लाल, एकाला हिरवी, रोज रंग बदल, कुठला रंग कशाचा ते तुझ्याजवळच लिहून ठेव, मला बारा दिवस काही सांगू नको. वहिनीने हे काम जेवढ्या मनापासून केलं तेवढं मी माझ्या शाळेत कुणाला करताना बघितलेलं नाही. आपल्या चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून मी खरवडत असताना ती मोरीबाहेर जाऊन उभी राहायची. रोज मी एकच सांगायची, आज मऊ कुठलं, लाल की हिरवं. बाराव्या दिवशी संध्याकाळी तिने फ्रिजवरचा कागद काढला आणि आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून ताळा केला. बारापैकी सात वेळा मी चुंबकाचं पातेलं मऊ म्हटलं होतं.

सात. नाणं बारा वेळा उडवलं तर सात किंवा जास्त छाप पडणं अगदी सहज घडतं, दर पाच खेळांत जवळजवळ दोनदा. वहिनीने विचारलं, "म्हणजे पास की नापास?" मी म्हटलं, म्हणजे माझ्या नखाला काहीच कळत नव्हतं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. तिला सगळं कळलेलं होतं.

डब्लिनचा निबंध यामुळे खोटा ठरत नाही. त्यांच्याकडे क्ष-किरण होते, माझ्याकडे नख. कॅल्साइट-अ‍ॅरागोनाइट मला ओळखता येत नाहीत, माझं पाणी वेगळं, वेग वेगळा. पण चौदा हजार द्यायचे की नाही एवढं ठरवायला माझी वही पुरेशी होती. पिण्याच्या पाण्याचं तर कोडंही उरत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरतात आणि सोडतात. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एक-दोन भागांत ही धरसोड होते. चुंबकावरून तांब्या उचलून ओठाला लावेपर्यंत त्यांची काय रचना शिल्लक राहणार? आप्पांचं पोट आयुष्यभर चांगलं होतं हे खरं. त्याचं श्रेय मी तांब्याला देईन, कारण तांब्याच्या भांड्यात रात्रभर राहिलेल्या पाण्यातले बरेच जंतू मरतात, हे तपासून झालेलं आहे. गुडघ्यांचं श्रेय येळ्ळूर रोडला.

यंत्र घेतलं नाही. गच्चीचं पावसाचं पाणी विहिरीत सोडायला दादाने पाइप टाकला, बंब महिन्यातून एकदा लिंबूसत्वाने साफ करतो. ते ओतलं की चुना फसफसतो आणि तळाचं तांबं लालभडक निघतं.

हे सगळं झाल्यावर मी आईला सांगितलं. आठवडाभर टाळत होते. आप्पांच्या चकतीत काही नाही, असं तिच्या तोंडावर कसं म्हणायचं? आईने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. मग उठली आणि ट्रंकेतून दिनदर्शिकेच्या फाटक्या पानांची एक गुंडाळी घेऊन आली. आप्पांची सवय, जुन्या वर्षाची पानं फेकायचे नाहीत, मागच्या कोऱ्या बाजूला हिशेब करायचे. बाकीची पानं दूध-पेपरची होती. एकावर आप्पांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

'उ – 8 दिवस. डावा कमी. द – 8 दिवस. तसंच. नुसतं – 8 दिवस. बरं.'

खाली काही नाही. सही नाही, निष्कर्ष नाही. मी पान उलटून वर्ष बघितलं. त्यानंतर आप्पा अकरा वर्षं जगले आणि अकरा वर्षं तांब्या चकतीवरच ठेवत राहिले. 'बरं' म्हणजे काय? नुसत्या पाण्यानेही बरं वाटलं? की गुडघा आपोआप उतरला? मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तेंचं तेंना म्हायीत." आणि शेंगा सोलायला लागली.

आप्पांनीही करून बघितलं होतं. तेही कुणाला न सांगता. ते पान मी माझ्या वहीत, उद्गारचिन्हांच्या पानासमोर चिकटवलंय.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगायची राहून गेली, आणि ती मला फार छळते. आंद्रे गाइम नावाचा शास्त्रज्ञ नेदरलँड्समध्ये नायमेगेनच्या प्रयोगशाळेत होता. पाइपला चुंबक लावला की चुना धरत नाही म्हणतात, ते खरं का, हाच प्रश्न त्यालाही पडला होता. एका शुक्रवारी संध्याकाळी त्याने तिथला प्रचंड विद्युतचुंबक पूर्ण ताकदीने सुरू असताना त्यात सरळ पाणी ओतलं. पाणी खाली सांडलं नाही. त्याचे गोळे हवेत अधांतरी तरंगत राहिले. पुढे 1997 साली त्याने जिवंत बेडूक तसाच तरंगवून दाखवला, कारण बेडकाच्या अंगातही पाणीच. याच माणसाला 2010 साली ग्राफीन या कार्बनच्या अतिपातळ पदार्थासाठी नोबेल मिळालं. पाणी चुंबकाकडे ओढलं जात नाही, उलट त्याच्यापासून किंचित दूर सरतं. बेडूक तरंगायला साधारण 16 टेस्ला लागतात. टेस्ला म्हणजे चुंबकी क्षेत्राची ताकद मोजायचं एकक. आप्पांच्या चकतीची ताकद त्याच्या शंभराव्या हिश्श्यालाही पोचणार नाही. पण दूर सरणं तिथेही असतंच, फक्त डोळ्याला दिसत नाही.

हार्ड डिस्कच्या चुंबकाने ते दिसतं. मी काचेची पसरट बशी खिडकीखाली ठेवली, तिच्यात चुंबक ठेवला आणि ड्रॉपरने पाणी सोडत गेले, चुंबकाचा माथा जेमतेम बुडेपर्यंत. वरून पाहिलं तर काहीच नाही, सपाट पाणी. मग आईला बोलावलं. तिला म्हटलं, पाण्याकडे बघू नको, पाण्यात खिडकीचे गज दिसतायत ना, ते बघ.

आई वाकली. चष्मा सावरून डोळे बशीच्या पातळीला आणले. पाण्यावर खिडकीचे सहा गज उभे होते, सरळ. जिथे चुंबक होता तिथे मधले दोन गज वळलेले, एखाद्या अदृश्य बोटाने दाबल्यासारखे. पाणी तिथे खोलगट झालं होतं, फार तर एका केसाच्या जाडीइतकं. चुंबकाच्या अंगावरून पाणी अंग चोरत होतं.

मी काडीने चुंबक हळूच सरकवला. वाक त्याच्याबरोबर सरकला, पुढच्या गजांवर गेला, मागचे गज सरळ झाले.

"पुन्हा कर," आई म्हणाली.

मी पुन्हा सरकवला. तिने डोळे न हलवता हात मागे करून फळी चाचपली, चकती उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"ही घालून बघ की."

चकती जाड, बशीत मावेना. म्हणून आईने आतून परात आणली.